झडती

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव उजेडाला धरले.
धागा जागेवर आहे का, वॉटरमार्क उमटलाय का,
आकडा सरकलाय का.
सुटताना गेटवर हात वर.
खिसे उलटे, डबा उघडा,
पोळीच्या घडीतही बोट घालून बघायचा
शिपाई वाघचौरे.
राग नाही यायचा. नोट आहे ती,
तिच्यासारखी दुसरी निघाली की दोन्ही मेल्या,
हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

निवृत्त झालो आणि पुस्तक लिहिलं.
जेलरोडच्या क्वार्टरांचं, तिसऱ्या पाळीचं,
शाईच्या वासाचं, जो साबणाने जात नाही
आणि वाघचौरेला कधी सापडला नाही.
कागदावर पाचशे प्रती निघाल्या.
मग प्रकाशक बागूल म्हणाले, ई-बुक काढू.
कुलूप घालून देतो,
एक ओळसुद्धा कुणाला उचलता येणार नाही.
मी म्हटलं, घाला. दोन घाला.

नवव्या दिवशी ते माझ्याच फोनवर आलं,
भाच्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरून,
गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली,
बिनकुलपाचं.
'सर्वांनी जरूर वाचावे', आणि जोडलेले हात.

झोप लागली नाही. खोटं कशाला सांगू.
मार्चात पाकिटातून रॉयल्टी आली,
चारशे सत्तर रुपये.
त्यातली एक शंभराची सवयीने उजेडाला धरली.
खरी होती. आमच्याकडचीच असावी.

सिन्नरहून कुणा लोखंड्यांचा फोन :
"पान चौऱ्याऐंशी. संपाचं साल चुकलंय.
माझे वडील होते त्यात."
कुठली प्रत वाचली, मी विचारलं.
जरा थांबले. "फुकटची. पण दोनदा वाचली."
यावर काय बोलणार?
दोनदा वाचलेलं किराणावाला घेत नाही.
तरी साल मी वहीत दुरुस्त केलं.

मग फोन बदलला, आणि माझं पुस्तक,
मीच पैसे भरून घेतलेलं,
उघडेना.
हे उपकरण अधिकृत नाही, पडद्यावर आलं.
आतल्या ओळी माझ्या, चुकासुद्धा माझ्या,
आणि मी पुन्हा हात वर करून उभा,
या वेळी स्वतःच्याच दारात.

सातपूरच्या वेणू निरभवणेला जन्मापासून दिसत नाही.
फोन तिला पुस्तकं वाचून दाखवतो,
भरभर, आपल्याला कळणारही नाही इतक्या वेगाने.
तिने एकशे चाळीस रुपये मोजले, पूर्ण.
"काका, बाकीची पुस्तकं बोलतात.
तुमचंच मुकं आहे."
बागूलांना विचारलं तर म्हणाले,
आवाज हीसुद्धा एक कॉपीच ना,
कंपनीने तोही बंद ठेवलाय.

वाघचौरे आठवला.
एकतीस वर्षांत आमच्या पोळ्या उसवून
त्याला काय मिळालं असेल?
ज्याला न्यायचं होतं
तो गेटाने कधी आलाच नसणार.
पण गेट काढून टाका, असंही मला म्हणवत नाही.
चारशे सत्तर.
दुसरं पुस्तक अर्धं झालंय, शाई महाग नाही,
पण डोळ्यांचं ऑपरेशन आहे.

आता रोज पाळी सुटायच्या वेळेला
वेणूला फोन लावतो आणि कागदी प्रतीतून वाचतो.
माझं वाचन संथ. ती मध्येच हसते,
मी न लिहिलेल्या जागी.

काल म्हणाली, "काका, रेकॉर्ड करू का?
ओझरला मैत्रीण आहे, तिलाही असंच दिसत नाही."

मी गप्प झालो. तीही थांबली.
खिडकीतून प्रेसची भिंत दिसते, तारांसकट.
डोक्यात जुना हिशेब,
एकासारखी दुसरी, दोन्ही मेल्या.
पण ही इथे ऐकत होती,
तिकडे ओझरला कुणी अजून ऐकलं नव्हतं,
यातलं मेलं काय, ते सापडेना.

पान चौऱ्याऐंशी आलं होतं.
थांब, म्हटलं, वही घेतो,
ते साल आधी बरोबर करून वाचतो.
मग दाब बटण.