क्रेन नदीची ओटी

नदी म्हणावी की नाही, इथूनच सुरुवात.
फेल्टमच्या पुलाखाली तिचं पाणी
माझ्या गुडघ्याला लागतं, तेही फेब्रुवारीत.
दर दीड मिनिटाला एका विमानाचं पोट
तिच्यावरून घासत जातं
आणि ती न दचकता वाहते.

रविवारी आम्ही सातजण उतरतो,
काखेपर्यंत रबराची विजार, हातात चिमटा.
ट्रेवर पेनफोल्ड काठावर वही धरून:
नारळ एकोणीस.
पणत्या चाळीस, त्यातल्या तीस प्लास्टिकच्या.
तसबिरी, काचेसकट.
गणपती सापडला, सोंडेवर शेवाळ,
तर तो 'वस्तू' म्हणून लिहीत नाही हल्ली.
'जेंटलमन, एक' असं लिहितो.

पहिल्या वर्षी आम्ही भांडलो.
हर्षिदाबेन म्हणाल्या, आमच्याच लोकांचं नाव का?
त्या ट्रॉल्या, त्या भिजलेल्या गाद्या कुणाच्या?
खरं होतं.
इंद्राणी पर्साद गयानाची. ती म्हणाली,
आमच्याकडे समुद्र होता, तो सगळं पोटात घालायचा.
हिला पोट केवढं?
त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग गुरुक्कलांनी देवळाच्या मागच्या दारी पिंप ठेवलं,
निर्माल्य खतात जायला लागलं
आणि ट्रेवरची बायको कुरकुरते,
यंदाच्या घेवड्याला झेंडूचा वास येतो म्हणून.

फलकावरची मराठी ओळ माझ्याकडे आली.
'कचरा टाकू नये' लिहिलं, खोडलं.
टाकणाऱ्याने कचरा टाकलाच नव्हता कधी.
'घाण' तर लिहवेचना.
शेवटी लिहिलं:
ही नदी लहान आहे. हिला पदर नाही.
काउन्सिलच्या माणसाने अर्थ विचारला.
मी सांगितलं, नो डम्पिंग.

नोव्हेंबरात, साडेचारच्या अंधारात
एक गाडी थांबली, दिवे लुकलुकत ठेवून.
पोरगी उतरली. हातात पिशवी, पिशवीला गाठ.
माझं चमकतं जॅकेट पाहून थबकली,
पोलीस वाटले असणार.
मी विचारलं, खण कुठला गं?
तर रडायलाच लागली.

बाळ सात आठवडे काचेच्या पेटीत होतं.
ही रोज याच पुलावरून जायची, टाके सांभाळत,
काढलेलं दूध छातीशी धरून,
आणि त्या वेळी जागं असं
खाली एवढंच एक.
"बोलले होते, काकू. घरी आला तर हिची ओटी भरीन."

आता हिला काय सांगायचं?
पाण्यातला प्राणवायू? डेस माशाची अंडी?
मी जॅकेटचा घेर दोन्ही हातांनी पसरला.
म्हटलं, भर. मी पोचवते.

तिने वाकून भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी,
इरकली काठाचा खण, वर नारळ.
मग कुंकवाचं बोट पुढे आलं
आणि मी मागे सरकणार होते.
अकरा वर्षं या कपाळाकडे
कुणी असं बघितलं नव्हतं.
तिला काय माहीत.
मी हलले नाही.

खाली पाणी चाललं होतं
मोकळ्या हाताने.

तांदळाचा भात केला. हळकुंड डब्यात आहे.
नदीला काय पोचलं, विचारू नका.
नारळ तेवढा फोडवत नाही,
गाडीच्या मागच्या सीटखाली
प्रत्येक वळणावर गडगडतो.

रविवारी ट्रेवरने वही पुढे केली.
नारळ: शून्य.
मी सही केली.