सहाशेच्या आत

खाणीपासून टेकडीवरच्या वस्तीला जाणारा
रोपवेचा पाळणा माझी आई नाझिब्रोला चालवायची.
दारावर पत्र्याची पाटी: कमाल भार ६०० किलो.
सहाचं शेपूट गंजून त्याचा शून्य झालेला,
पण पाटी वाचणारे तसेही कमीच.

आई आधी स्वतःला वजा करी.
अडुसष्ट. उरले पाचशे बत्तीस.
सात माणसं, सरासरी सत्तरची: चारशे नव्वद.
बटाट्याचं पोतं एकच, चाळीसचं.
"दोन किलो उरले. त्यात काय घेशील?"
चार पाव, मी म्हणे.
किंवा एक कोंबडी, पाय बांधलेली.

हिवाळ्यात सगळं बिनसायचं.
ओले कोट, बुटांना चिकटलेला बर्फ,
माणूस तोच, पण सत्तरचा पंच्याहत्तर.
"पाच साते पस्तीस," आई म्हणे, "पोतं खाली राहील."
पोतेवाला शिव्या घाली.
आई हातचा विसरू नये म्हणून
बोट मिटून ऐकून घेई.

माझ्या गणिताच्या पुस्तकातली माणसं कोरडी होती.
एका व्यापाऱ्याकडे क्ष पेट्या आहेत.
त्याला नाव नाही, खोकला नाही,
वीस तेत्री सुटे नाहीत म्हणून
तो दारात अडून राहत नाही.

फेब्रुवारीत वार्लाम गेला.
खाणीतला. कबरस्तान वर, टेकडीवर,
रस्ता बर्फाखाली.
चौघांनी पेटी आणली, मागून त्सिउरीकाकू.
पेटी माणसात धरायची की सामानात,
हे कोणी विचारलं नाही.
आईनेच विचारलं, हळू आवाजात,
"किती होता गं तो?"

"गेल्या वर्षी पंच्याण्णव," काकू म्हणाली.
"मग नाही मोजला."

आई पुटपुटली. मी बाकावर वही घेऊन होतो,
मला सगळं ऐकू आलं.
सहाशेतून अडुसष्ट. चार खांदेकरी, ऐंशीचे एकेक.
नुसती पेटी पंचावन्न. काकू साठ.
उरले सत्त्याण्णव.
"मावतोय," आई म्हणाली. "नक्की किती, ते काढायला नको."

पेटी तिरपी धरावी लागली.
तारेवर पाळणा करकरला, मग सुटला,
आणि मी खालून पाहत राहिलो
तो ढगात शिरेपर्यंत.
पंच्याण्णव असता तरी दोन उरले असते.
आणि तो पंच्याण्णव नव्हता,
हे गावात सगळ्यांना दिसत होतं,
दिवाळखोर दुकानासारखा त्याचा कोट
शरद ऋतूपासून रिकामाच लोंबत होता.

रात्री चौदावं उदाहरण सोडवलं.
क्ष, मग चोचीसारखी खूण, मग आकडा.
आईने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं,
ओल्या हाताने पेन्सिल घेतली.

"खालची रेघ विसरलास.
ती नसली तर काटोकाट बसणारा माणूस
बाहेर राहतो."

आणि तिने ती रेघ काढली,
जरा जास्तच दाबून,
मागच्या पानावर उमटेल इतकी.