शालनबाईंचा थर

शहापूरच्या विणकर पतसंस्थेत
एकोणीस टेबलं, एकोणीस पडदे,
आणि मागं, जुन्या लॉकरच्या खोलीत,
एकच सर्व्हर, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी.

रोज रात्री मी सगळी मशिनं कोरी करतो.
खाली पायाचा थर, कुलूपबंद, सगळ्यांना सारखा.
त्यावर कर्जाचं सॉफ्टवेअर, छपाईचं, ताळेबंदाचं,
ज्याचं त्याला पुरेल एवढं.
आणि सगळ्यात वर माणूस:
त्यानं बदललेलं, साठवलेलं, ठेवून विसरलेलं.
सकाळी पासवर्ड टाकला की
तिन्ही एकावर एक चढतात
आणि त्याला वाटतं, हे माझंच मशीन.

चेअरमन विरूपाक्षण्णांना हे समजावताना
माझी जीभ सुकली होती.
ते म्हणाले, "म्हणजे ताणा एकच.
त्याच्यावर चार साड्या निघतात.
बाणा ज्याचा त्याचा.
ह्यात अवघड काय हाय रे?"
मग शिपायाला कन्नडमधून चहा सांगितला
आणि मला मराठीतून बिल विचारलं.

नियम माझाच.
नव्वद दिवस कुणी आत आलं नाही
तर त्याचा थर पुसायचा.
डिस्क काय रबराची नाही.
आज यादीत एकच नाव:
उचगावकर शालन व्ही., ठेव विभाग.
शेवटचा प्रवेश दहा फेब्रुवारी.
बाहेर पडल्याची वेळ पाच-चार,
कारण पाच-वीसला त्यांची बस.
बाराव्याला मी जेवून आलो होतो.

पुसण्याआधी उघडून बघायचं
असं नियमात कुठं लिहिलेलं नाही.

आत फारसं नव्हतं.
प्रिंटरची डावी ट्रे.
मोठी केलेली अक्षरं, मोतीबिंदूच्या आधीच्या वर्षीची.
व्याजाचा एक तक्ता, त्यात एक चूक,
चुकीला त्यांनीच दिलेला पिवळा रंग.
आणि शब्दांची एक फाइल.
मशीन ज्याच्याखाली लाल रेघ ओढतं
आणि माणूस सांगतो, नाही, हे बरोबर आहे, शीक,
असे शब्द. तीन हजार आठशे बारा.

सगळी नावं.
बाळव्वा. निंगाप्पा. सिदराय. भरमाण्णा. गौराक्का.
यल्लुबाई, आणि खाली यल्लूबाई,
कारण पासबुकावर एक, आधारवर दुसरी.
एक कल्लाप्पा, एक कल्लप्पा,
आणि तोच माणूस पुन्हा कन्नड अक्षरांत.

सतरा वर्षं, तीन मशिनं बदलून,
एकेक रेघ त्या काढत आल्या.
काउंटरपलीकडं उभ्या असलेल्याला
कळलंही नसेल
की आत्ता, पावती छापायच्या आधी,
आपण चूक होतो.

हे पुसलं तर सोमवारी
त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या सौजन्याला
पडद्यावर अख्खी पेठ लाल दिसेल.

पायाच्या थराला हात लावायचा म्हणजे
नवी आवृत्ती, चाचणी, एकोणीस जागी चढवणं,
काही अडलं तर शिव्या.
दोन वाजले होते.
मागच्या गल्लीत एक यंत्रमाग अजून चालू होता.
मी फाइल उचलली, खाली नेली,
कुलूप काढून ठेवली, परत लावलं.
'बदलाचं कारण' अशी एक चौकट असते.
मी लिहिलं: खातेदार.

मग थर पुसला. चार सेकंद लागले.
मोठी अक्षरं गेली. पिवळी चूकही.

एक सांगायचं राहिलं.
यादीच्या तळाशी, क्रम मोडून,
मोनव्वा असं एक नाव आहे, दोन्ही लिप्यांत.
खातेदारांत शोधलं, जामीनदारांत, वारसांत.
कुठंच नाही.
काढलं नाही मी.
सोमवारपासून एकोणीस मशिनं
ते बरोबर धरतील.