सत्तर टक्के

आमच्या कुळागरात कोको आहे हे मी विसरूनच गेले होते.
शेतकी खात्याच्या कुणा साहेबाच्या सांगण्यावरून
तुम्ही लावलीत चाळीस रोपं, पोफळींच्या सावलीत,
आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
चार वर्षं कंपनीचा टेम्पो आला.
मग आला नाही.
तेव्हापासून फळं माकडांची.

खोडालाच लागतात ती, देठ नावापुरता,
फणसासारखी, निलाजरी.
पिवळी झाली की माकडं फोडतात,
पांढरा गर चोखतात
आणि बिया थुंकतात पाटाच्या पाण्यात.

म्हणून साळगावची लिओना कुतिन्हो
स्कूटरवर ताणकाटा बांधून सावईवेऱ्याला आली
आणि म्हणाली, आंटी, या बियांत प्रेमाचं द्रव्य असतं,
माणूस प्रेमात पडला की डोक्यात जे पाझरतं तेच,
थोडंसं,
तेव्हा तुम्ही सुपारी सोलता सोलता
मान वर न करता म्हणालात:
चाळीस वर्षं माकडं खाताहेत.
भांडणंच वाढली.

ती खूप हसली.
मला आठवत होतं,
रोपं लावलीत त्या वर्षी संध्याकाळी
विहिरीवर तुम्ही नखांतली माती
काथ्यानं घासघासून काढायचात
आणि मग खोलीत यायचात.
हात तेवढे गार असायचे.
त्याला काही म्हणायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

फेब्रुवारीत तिनं बिया केळीच्या पानांत गुंडाळल्या,
लाकडी खोक्यात भरल्या, वर गोणपाट.
तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसला.
चूल नाही, निखारा नाही,
नुसत्या एकमेकींना चिकटून तापलेल्या.
मागच्या पडवीत विनागराचा वास,
चिलटं,
आणि तुम्ही दोनदा जाऊन झाकण उचलून पाहिलंत.
मी मोजलं.

मेच्या शेवटी वडी आली.
सोनेरी कागद, त्यावर आपल्या गावाचं नाव,
खाली बारीक अक्षरात: सत्तर टक्के.
सत्तर टक्के काय, ते तुम्ही विचारलं नाहीत.
एक तुकडा मोडलात, जिभेवर ठेवलात,
कडू, म्हणालात,
आणि साखरेच्या गोळीची पट्टी घेऊन झोपायला गेलात.
मी ती फ्रीजमध्ये ठेवली, आगळाच्या बाटलीमागे.

रात्री दीडला फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज.
उजेडाची एक पट्टी पलंगाच्या पायापर्यंत आली,
थोडी थांबली, गेली.
मी झोपेतच होते,
म्हणजे तुम्हाला वाटावं इतकी.
सकाळी एक तुकडा कमी.

पुढच्या रात्री मी उठले.
दिवा लावला नाही.
आधी कडू, मग आंबट,
मग खोक्यातल्या तिसऱ्या दिवसाची ती ऊब,
आणि पार शेवटी, गिळून झाल्यावर,
काहीतरी, जे मी तोंड बंद ठेवून
बराच वेळ धरून ठेवलं.

एक रात्र तुमची, एक माझी.
दिवसा आपण बोलत होतो पंपाबद्दल,
सुपारीच्या भावाबद्दल, मुलाच्या फोनबद्दल.
बारातला शेवटचा तुकडा तीन दिवस तसाच राहिला.
तुम्ही घेतला नाहीत. मी घेतला नाही.
कागदाची घडी मात्र रोज वेगळी असायची.

चौथ्या रात्री पाहिलं तर अर्धा.
चाकूनं कापलेला नव्हता.
दातांच्या खुणा होत्या, आणि मधे ती फट,
तुमचा वरचा दात पडला तिथली,
जी मी इतकी वर्षं फक्त बोलताना पाहिली.

खुणांवर दात टेकवले,
नेमके,
आणि फ्रीजचं दार उघडं राहिलं,
किती वेळ कोण जाणे.
खोलीतून तुमचा आवाज आला:
दार लाव गो, दूध नासेल.

बुधवारी फोंड्याला तुमची साखर तपासली,
एकशे ऐंशी वर.
डॉक्टर म्हणाले, काय खाल्लंत?
तुम्ही माझ्याकडे पाहिलं,
खूप दिवसांनी असं पाहिलं,
आणि म्हणालात,
फणस.