वजन

सिन वाय-हंग, जग तुला पडद्यावरून ओळखतं,
मी दोराच्या दुसऱ्या टोकावरून.
पहिल्यांदा उचललं तेव्हा तू चोपन्न किलो होतास.
अंगरख्याखाली पट्टा, पट्ट्याला काळी रंगवलेली तार,
तार कप्पीवरून उतरून आम्हा सहा जणांच्या मुठीत.
डायमंड हिलच्या शेडमध्ये धूर सोडलेला,
तार दिसू नये म्हणून.
आम्हीही त्यात दिसत नव्हतोच.
तू कौलांवरून धावलास, एकदाही खाली न बघता.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मुठीला कळतं, टांगलेल्याला नाही.

ऑपेराच्या शाळेत गुरुजींनी तुला
अगरबत्ती जळून संपेपर्यंत हातांवर उभं ठेवलं होतं.
हे तू जेवताना सांगायचास,
भाताचा वाडगा ओठांशी धरून, हसत:
"जग मी आधी उलटं पाहिलं.
सुलटं नंतर. तेवढं काही आवडलं नाही."

मग लढणं सोडून तू लढाया मांडू लागलास,
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर
काडीनं ओरखडून:
इथे लाथ, इथे जिना, इथे श्वास.
श्वास कधी विसरला नाहीस.
कॅमेरा सेकंदाला बावीस चौकटींवर;
दोन चौकटींची उसनवारी, म्हणायचास,
फेडेल प्रेक्षक.
बाह्यांना पांढरी माती चोळायची,
ठोसा बसला की धूळ उडाली पाहिजे,
झटकलेल्या सतरंजीसारखी.
ठोसा खरंच बसायचा.
रात्री सगळ्या खोलीला मलमाचा वास.

तुझं वजन वाढलं.
निर्माते खुर्चीतून उठू लागले,
नट तुझ्या नजरेनं चहा प्यायचे आणि ठेवायचे.
दोराला मात्र तू लागेनासा झालास.

यिक-चाउनं चौथ्या मजल्यावरून उडी घेतली
त्या रात्री खाली पुठ्ठ्याची खोकी होती, तीन थर,
समुद्राच्या दमट हवेनं मऊ पडलेली.
त्या उडीला तार नव्हती.
माझे हात रिकामे होते.
नुसते रिकामे.
तू "कट" म्हणालास, जरा उशिरा,
आणि मला अजून कळलेलं नाही
तो उशीर धक्क्याचा होता की दृश्य पुरं व्हावं म्हणून.
ते पडणं तू ठेवलंस चित्रपटात.
अखंड, मध्ये कात्री न लावता.
तैपेईत लोक उभे राहिले, बँकॉकमध्ये शिट्ट्या.
यिक-चाउ पुन्हा चालला नाही.

दर नव्या वर्षी लाल पाकीट घेऊन
तू त्याच्या आईकडे जायचास,
सात मजले जिन्यानं, लिफ्ट चालू असताना.
मी खाली थांबायचो.
तिनं तुला कधी बस म्हटलं नाही.
पाकीटही कधी परत केलं नाही.

नंतर अमेरिका. पत्र आलं:
इथे पडण्याआधी अकरा कागदांवर सह्या,
तार जाडजूड, पिवळी, कुणी लपवत नाही.
एक मुलगी नंतर संगणकासमोर बसते
आणि पुसते, एकेक चौकट.
पोरगी गुणी आहे, लिहिलं होतंस,
काम संपल्यावर तिचे डोळे लाल होतात.
मी ते पत्र दोरांच्या पेटीत ठेवलं.
पेटी तेव्हा बंदच असायची.

काल क्वुन तोंगच्या इस्पितळात
तुला खाटेवरून खुर्चीत न्यायचं होतं.
नर्स म्हणाली, तीनला उचलू.
मी दोनलाच उचललं.
तू नेहमी दोनला सुटायचास.
त्रेचाळीस किलो, फार तर चव्वेचाळीस;
काटा नको मला.
खुर्चीत टेकलास, डोळे मिटलेस,
आणि अगदी बारीक आवाजात:
"उजवा पाय मागे राहिला. पुन्हा."
नर्स हसली. म्हणाली, जेवण येतंय.

मी मात्र बाह्या वर सारल्या.