तिसरा खण

बाबांच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या औषधांखाली
एक तिसरा खण होता. त्याला लेबल नव्हतं.
सुट्टे नसले की बाकीची दुकानं
हातावर चॉकलेट ठेवतात,
बाबा सिगारेट ठेवायचे.
सीपीआरच्या समोरचं दुकान, रात्री दोनलाही उघडं.
आत आपलं माणूस ऑक्सिजनवर ठेवून
बाहेर येऊन मागणारे किती.

आण्णाप्पा मगदूम, उद्यमनगरात मोल्डर,
एका दमात सांगायचा, म्हणजे खरं तर दोन दमांत:
"पंप एक. आन् त्या चार."
मी दोन्ही एकाच पुडीत बांधायची.
बिलावर फक्त पंप.

माझी डिप्लोमाची चौकट भिंतीवर ठोकली
त्या दिवशी खण रिकामा केला.
बाबा म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल.
तुटलं.
काही जण तर सर्दीची गोळीही आता
पलीकडून घेतात, माझ्यावर रुसून.

मगदूम काउंटरला हात टेकून उभा.
"संपल्या?"
नाही. ठेवत नाही.
"मग आम्ही कुठं जायाचं म्हणतीस?"
कोपऱ्यावर टपरी आहे, त्याला ठाऊक, मलाही.
गेला.
बावन्न पावलं. मी नंतर मोजली.
मध्ये चढ आहे, आणि त्या चढावर
विजेच्या खांबाला धरून
तो एकदा थांबतो.

एवढंच झालं. बावन्न पावलं आणि एक खांब.
मी कुणाला वाचवलं असं
जेवताना घरी सांगण्यासारखं काही नाही.
पोस्टातले कारेकर तर पाकीटच घेऊन ठेवतात आता,
पूर्वी सुट्टी एक-दोन घ्यायचे.

दिवाळी झाल्यावर मगदूम पंपाला आला.
पैसे देऊनही हलेना.
"चार हुईनात गं आता.
घरातनं उठायचं, चप्पल घालायची, त्यो चढ...
कदी दोन. कदी एकच."
मग एकदम आवाज चढवून,
"सोडल्याली न्हाई हां! सांगून ठेवतो."
मी म्हटलं, बरं.

आई निपाणीची. लग्नाआधी वखारीत तंबाखू चाळायची.
खण रिकामा झाला तेव्हा
तिनं आत हात घालून बोटं हुंगली,
आणि काही न बोलता पदराला पुसली.

त्या खणात मी आता कापूस ठेवते.
परवा एक बाळंतिणीची सासू गुंडाळी परत घेऊन आली,
वास येतोय म्हणाली.
आई म्हणते, खण उन्हात ठेव दोन दिवस.
चारदा ठेवला.