हा रस्ता तिथं जात नाही

सॅन फ्रान्सिस्को. रस्त्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली,
दोरीपाशी एक पोलीस, खरा.
उतारावर दुसरा, सिनेमातला,
गाडीच्या टपावर कोट टाकून सँडविच खात होता.
पिस्तूल खोटं. कफावर सांडलेली मोहरी
तेवढी खरी.

माझे वडील चेन्सू फारुजा, मूळचे माल्टाचे,
केबलकारवर ग्रिपमन.
तेवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं :
उतारावर थांबणं.
ब्रेक लाकडाचे असत, पाइनचे ठोकळे,
चार दिवसांत जळून झिजून जायचे.
संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास,
आई म्हणायची,
हा माणूस कामाला जातो की सरपणाला?

त्या सकाळी त्यांना सांगितलं गेलं :
डबा चौकात उभा कर. हलू नकोस.
कॅमेऱ्याकडे तर मुळीच बघू नकोस.

सात वेळा गाड्या आल्या.
पांढरी पुढे, करडी तिच्या मागे,
चढाच्या कडेवरून सुटायच्या, चारही चाकं अधांतरी,
आणि खाली आपटल्या की
भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज.
मी खिडकीत, अकरा वर्षांची,
पडदा बोटभर सरकवून.
बघायचे नाही म्हणून घरटी पाच डॉलर दिले होते,
आईने ते घेतले, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

हिवाळ्यात सिनेमा लागला.
पाठलाग सुरू झाला तसं संगीत बंद पडलं,
नुसतं इंजिन.
लोकांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले.
आणि त्या शांततेत वडील, मोठ्यानं :
"हा रस्ता तिथं जात नाही."
मागून कुणीतरी शुक् केलं.
"अहो, डावीकडे वळलं की बंदर लागतं!
हा एकदम गावाबाहेर कसा?"

शेजारचे टायर्नन मात्र खूश.
त्यांची निळी गाडी, बॅटरी मेलेली,
तीन आठवडे एकाच जागी,
पाठलागात तिला चार वेळा ओलांडलं होतं.
"चार वेळा," ते पुढे कित्येक वर्षं सांगत,
"आणि मी गिअरसुद्धा टाकला नव्हता."

आई थांबली होती एका क्षणासाठी,
त्यासाठी ती लग्नातले बूट घालून आली होती.
तो आला : एक बाही, एक दांडा, दांड्यावर मूठ.
बाकीचे वडील चौकटीबाहेर.
"ते बटण मी लावलंय," ती कुजबुजली,
आणि मग शेवटपर्यंत कोण मेलं, कोण पकडलं गेलं
तिला काही कळलं नाही.

अजून कधी रात्री टीव्हीवर तो पाठलाग लागतो.
मी गाड्या बघत नाही.
सगळं शहर सुटलेलं असतं घरंगळत,
आणि मध्ये एक माणूस
अंगातला सगळा जोर लावून
काहीही घडू देत नसतो.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात
त्यांचा पाय पलंगाच्या पायथ्याची फळी
रात्रभर रेटत राहायचा.
टाचेला फोड आले.
नर्सनं विचारलं, हे असं काय करतात?
मी उशी सरकवून दिली टाचेखाली.
म्हटलं, उतार आहे.